डॉक्टर, पाखरू आणि खेकडा

पाण्याच्या केंद्रातल्या माळ्याला आम्ही सगळे डॉक्टर म्हणायचो. हे नाव त्याच्या आईबापानं ठेवलेलं नव्हतं आणि कुठल्या कॉलेजानंही दिलेलं नव्हतं. ते दिलं होतं व्हॉल्व्हमननं, आणि तो माणूस कौतुकापोटी कुणाला काही देईल असा नव्हता.

केंद्र म्हणजे काय, तर नदीचं गढूळ पाणी एका बाजूनं आत यायचं, चार मोठ्या टाक्यांत निवळायचं, वाळूच्या थरांतून गाळलं जायचं, त्यात औषध पडायचं आणि दुसऱ्या बाजूनं ते शहराकडे जायचं. हे बघायला कुणी यायचं नाही. नळाला स्वच्छ पाणी आलं तर आमची आठवण कुणाला होत नसे, गढूळ आलं तर मात्र आमच्या सात पिढ्यांची व्हायची. वर्षा-दोन वर्षांतून वरचे अधिकारी पाहणीला येत. त्यांच्या डोळ्यांना काहीतरी रंगीत दिसावं म्हणून फाटकाच्या दोन्ही हातांना एकेक वाफा होता आणि त्या वाफ्यांसाठी एक माळी होता. शहराची तहान भागवणाऱ्या चाळीस माणसांत लोकांना दिसणारं काम करणारा तो एकटाच, आणि हे त्याला पुरेपूर माहीत होतं.

डॉक्टर अंगानं काटकुळा. शर्टाच्या वरच्या खिशात एक वाकडी सुरी, ती जुन्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. सकाळी फाटकातून आत आला की चपला काढून वाफ्याच्या कडेला ठेवायचा. मग एकेका झाडापाशी उकिडवा बसून पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा, डोळे मिटून, नाडी बघावी तसा. मग मान हलवायचा. झाडाला काय झालंय ते मात्र कुणाला सांगायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "तुला सांगून काय उपयोग? तू औषध देणार आहेस?"

पण नाव पडलं ते त्याच्या ऑपरेशनांमुळे. त्याचा सासरा नावाजलेला माळी होता. जन्मभर त्यानं गुलाब केले. जावयाला त्यानं शिकवलं ते असं, की दर सहा महिन्यांनी मुळाशी माती उकरायची, जुनी मुळं छाटायची, बाजूचे फुटवे काढून टाकायचे आणि खड्डा खतानं भरायचा. हे गुलाबापुरतंच की जगातल्या सगळ्या झाडांना, एवढं विचारायचं राहून गेलं आणि सासरा वारला. जावयानं ते सगळ्यांना लागू केलं. जास्वंद, तगर, कर्दळ, क्रोटन, त्याच्या सुरीतून कुणी सुटलं नाही. बऱ्याच झाडांना ते मानवलं. ज्यांना मानवलं नाही त्यांनी तक्रार केली नाही, नुसती वाळून गेली.

फाटकाच्या डाव्या वाफ्यात त्याचा खरा जीव होता. तिथे नऊ झाडं होती. कागदावर त्यांचं नाव बर्ड ऑफ पॅराडाइज, डॉक्टरच्या तोंडी नुसतं पाखरू. सात वर्षांपूर्वी तो दूरच्या एका बागेतून त्याच्या बिया घेऊन आला होता. वाटाण्याएवढी काळी बी आणि तिच्या डोक्यावर नारिंगी केसांचा झुपका. त्यानं त्या बिया वाळूत घासल्या, दोन दिवस कोमट पाण्यात भिजवल्या, कुंड्यांत टोचल्या आणि वर काच ठेवली. तीन महिने कुंडीत नुसती माती दिसत होती. व्हॉल्व्हमन रोज येऊन मातीला हात जोडायचा आणि म्हणायचा, "छान आलीय माती." मग एका सकाळी पहिला हिरवा कोंब वर आला. त्या दिवशी डॉक्टरनं साऱ्या केंद्राला चहा पाजला आणि छाती फुगवून सांगितलं, "तीन वर्षं थांबा. या फाटकावर अशी पाखरं बसवतो की रस्त्यावरची माणसं सायकली थांबवतील."

तीन वर्षं गेली. पाचवंही गेलं. झाडं कमरेएवढी झाली, पानं रुंद, करड्या-हिरव्या रंगाची, चामड्यासारखी जाड. फूल नाही. सायकली थांबत होत्या, पण त्या फाटकासमोरच्या उतारावर साखळी पडायची म्हणून.

"काय रे डॉक्टर," व्हॉल्व्हमन विचारायचा, "तुझी पाखरं अजून अंड्यातच का?"

"येतील."

"अंडी उबवायला कुणाला तरी बसव. मी रिकामाच असतो."

"तू बसलास तर अंडी फुटतील," डॉक्टर म्हणायचा आणि पाठ फिरवायचा. पण पाठ फिरवली तरी कान लाल झालेले दिसायचे. पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता. आता त्याला बढती नको होती, सत्कार नको होता. सातपैकी चार वर्षं ज्या शब्दावरून लोकांनी त्याला चिडवलं, तो शब्द खरा करून फाटकाबाहेर पडायचं होतं. एक फूल पुरे होतं. ते हातातल्या कुंडीत नको, त्या डाव्या वाफ्यातच हवं होतं.

अशातच नवे साहेब आले.

साहेबांना पाण्यातलं किती कळत होतं ते सांगता येत नाही, कारण त्यांनी आल्याबरोबर पाण्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी फाटक पाहिलं. एका मोठ्या विश्रामगृहाच्या दारात त्यांनी हेलिकोनिया नावाचं झाड पाहिलं होतं. केळीसारखी पानं आणि त्यातून लोंबणारी लालभडक फुलांची माळ, तिला पिवळी किनार. खेकड्याच्या नांग्या दोरीत ओवून टांगाव्यात तशी. तसं झाड आपल्या फाटकावर नाही, याचं साहेबांना इतकं दुःख झालं की पहिल्याच आठवड्यात त्यांनी समिती नेमली. सहा महिन्यांनी वरची पाहणी येणार होती.

समितीत तिघे. साहेब स्वतः, केंद्राचा भांडारपाल आणि 'संबंधित कर्मचारी', म्हणजे डॉक्टर. आम्ही बैठकीला नव्हतो, पण साहेबांच्या खोलीची खिडकी वाळूच्या टाकीकडे उघडते आणि त्या दिवशी टाकीपाशी नेमकी दहा माणसांची गरज निघाली.

भांडारपाल हा फार हुशार माणूस. आयुष्यात त्यानं एकही रोप लावलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं मत कुठल्याच बाजूला झुकलेलं नव्हतं. त्यानं रात्रंदिवस खपून, म्हणजे जेवणाच्या सुटीत, एक तुलनात्मक तक्ता केला होता. रंग, उंची, पाणी, देखभाल आणि अभ्यागतांवर पडणारी छाप असे रकाने. हेलिकोनियाच्या पुढे छाप उत्तम. बर्ड ऑफ पॅराडाइजच्या पुढे छाप निरंक.

"निरंक म्हणजे?" डॉक्टरनं विचारलं.

"म्हणजे अद्याप पडलेली नाही."

साहेब हसले. "माळीबुवा, तुम्ही बोला. तुमचा अनुभव मोठा. दोघांत फरक काय?"

डॉक्टर उभाच होता. त्याला खुर्ची द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो सावकाश बोलायला लागला, वाफ्यातली ओळ धरून पाणी सोडावं तसा.

"साहेब, पानं बघाल तर दोन्ही केळीच्या नात्यातली. लांबून चुलतभाऊ वाटतील. पण स्वभाव वेगळे. तुमचा खेकडा घाईचा. त्याला पाणी भरपूर लागतं, थोडी सावली लागते, वाऱ्याला आडोसा लागतो. फाटकावर दुपारभर ऊन. कडा करपतील. वारा सुटला की पानाच्या चिंध्या होतील. आणि तो जमिनीखालून पळतो. आज इथं लावला तर दोन वर्षांनी तुमच्या खुर्चीखालून निघेल."

"आणि तुमचं पाखरू?"

"ते जागा सोडत नाही. उन्हात उभं राहतं, पाण्यावाचून चार दिवस काढतं. फूल येतं ते ताठ दांड्यावर. आडवी चोच, चोचीतून वर नारिंगी तुरा आणि मध्ये एक निळी जीभ. तोडून पाण्यात ठेवलं तरी पंधरा दिवस टिकतं. एकदा यायला लागलं की वर्षानुवर्षं येतं."

"यायला कधी लागतं?" भांडारपालानं पेन वर करून विचारलं.

"वेळ घेतं."

"तक्त्यात 'वेळ घेतं' असं लिहिता येत नाही. आकडा सांगा."

टाकीपाशी दहा माणसं श्वास रोखून वाळू बघत होती.

"सात वर्षं झाली," डॉक्टर शेवटी म्हणाला.

"सात," भांडारपालानं लिहिलं. "चालू."

साहेब मनानं वाईट नव्हते. समितीत वाद झाला की मधला रस्ता काढायचा एवढं ते शिकून आले होते. त्यांनी निकाल दिला. उजव्या वाफ्यातले क्रोटन काढायचे आणि तिथे हेलिकोनिया लावायचा. डाव्या वाफ्यात पाखरू राहील. पाहणीच्या आधीच्या सोमवारी ज्या वाफ्यात फूल असेल ते झाड दोन्हीकडे लागेल. ज्यात नसेल ते उपटायचं.

"साहेब, पाखरू उपटून दुसरीकडे लावलं तर रुसतं," डॉक्टर म्हणाला. "तीन-चार वर्षं पुन्हा नाव काढत नाही."

"मग उपटून लावायचं कशाला?" साहेब प्रेमानं म्हणाले. "नुसतं उपटायचं."

आठवड्याभरात हेलिकोनिया आला. भांडारपालानं मोठाले, फुलायच्या बेतातले कुंडीतले कंद आणवले. म्हणजे लग्नाला आलेली मुलगी आणायची आणि वर म्हणायचं की आम्ही वाढवली. उजव्या वाफ्याच्या मागून वाळू धुतलेलं पाणी वाहून नेणारी नाली जात होती, तिथे खेकड्यानं आपली मुळं सोडली आणि तो ढोसायला लागला. रोज सकाळी भांडारपाल भांडारातली मोजपट्टी घेऊन यायचा, उंची मोजायचा, वहीत लिहायचा. मोजपट्टी तीस वर्षांत पहिल्यांदाच भांडाराबाहेर पडली होती.

डॉक्टर मोजत नव्हता. तो उपचार करत होता. आधी सहा महिन्यांनी होणारं ऑपरेशन आता सहा आठवड्यांनी व्हायला लागलं. माती उकर, मुळं मोकळी कर, फुटवे काढ, शेणखत भर, पाणी दे. पाखरू प्रत्येक वेळी एक नवं, हिरवंगार, भलंमोठं पान काढायचं. डॉक्टर त्या पानाच्या बेचक्यात बोट घालून कळी चाचपायचा. कळी नसायची. मग तो आणखी खत घालायचा. फूल येणार नव्हतं, पण झाडांची तब्येत अशी होती की बघत राहावं. खाऊन-पिऊन सुखी, काम काहीच नाही. आमच्या भांडारपालासारखी.

डॉक्टरला नोकरीत मिळालेलं घर फाटकाजवळ, केंद्राच्या डाव्या भिंतीला लागून, दोन खोल्यांचं. त्याची बायको शिवणकाम करायची. तिला आम्ही डॉक्टरीणबाई म्हणायचो आणि तिची त्याला हरकत नव्हती, फक्त एकदा म्हणाली होती, "डॉक्टरीण म्हणा, पण पेशंट म्हणू नका. इतकी वर्षं टिकलेय मी." सासऱ्याची मुलगी ती. लहानपण तिचं गुलाबांत गेलं होतं, त्यामुळे तिला बागेचा तिटकारा होता. मशीनपुढच्या खिडकीतून भिंतीपलीकडे नवऱ्याची वाकलेली पाठ दिसायची.

एका दुपारी तो जेवायला आला तर नखांत माती तशीच. ती वाढता वाढता म्हणाली, "अहो, त्याला जरा एकटं सोडा की."

"कुणाला?"

"तुमच्या पाखराला. मी टाका घालताना तुम्ही मानेवर येऊन उभे राहिलात की माझ्या बोटात सुई जाते. झाडाचंही तसंच असेल."

"तू शिवण शिव."

"शिवतेच आहे. तुम्ही उसवताय ते सांगितलं."

"तुझ्या वडिलांनीच शिकवलंय मला."

"वडील गुलाबाचं बोलत होते," ती म्हणाली. "जेवा. आणि हात धुऊन जेवा."

त्यानं हात धुतले. बाकी काही ऐकलं नाही.

पाचव्या महिन्यात खेकड्याला फूल आलं. पानांच्या कडा करपल्या होत्या, वाऱ्यानं चिंध्या झाल्या होत्या, डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच सगळं झालं होतं. पण त्या चिंध्यांतून ती लाल माळ खाली उतरली आणि लोकांना चिंध्या दिसेनाशा झाल्या. साहेबांनी त्या माळेसोबत फोटो काढून घेतला. भांडारपालानं त्या दिवशी मोजपट्टी गळ्यात घातली होती. रस्त्यावर दोन सायकली खरोखर थांबल्या, साखळी न पडता.

"काहीही म्हण डॉक्टर," व्हॉल्व्हमन म्हणाला, "खेकडा झाला तरी रंगाला पक्का."

त्या दिवशी डॉक्टरनं त्याला उत्तर दिलं नाही. हे आम्हाला चिडण्यापेक्षा वाईट वाटलं.

ठरलेल्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, डॉक्टर घरामागे गेला. नऊ झाडं उपटायचीच तर मुळांना पोत्यात गुंडाळावं, कुणाच्या तरी अंगणात लावून द्यावं, रुसली तर रुसली, एवढं त्यानं मनाशी ठरवलं होतं. घरामागे धुणं धुवायचा दगड होता, त्यापलीकडे अडगळ. मोडकी बादली, सायकलची रिंग, विटांचे तुकडे. डॉक्टर तिकडे कधी जात नसे, कारण तिथे औषध देण्यासारखं काही नव्हतं. पोती त्या अडगळीच्या मागे होती.

पोती ओढायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

दगडाच्या आडोशाला ऑइलपेंटचा एक जुना डबा होता. डबा आतून कुणी फुंकावा तसा फुगला होता. एका बाजूनं पत्रा उसवला होता आणि त्या फटीतून बोटाएवढी जाड पांढरी मुळं बाहेर आली होती. वर पाच-सहा पानं, आखूड, धूळ बसलेली, एकाची कड किड्यानं खाल्लेली. त्यांच्या मधून एक ताठ दांडा. दांड्याच्या टोकाला आडवी चोच, जांभळट कडेची. चोच उघडली होती. आतून नारिंगी तुरा उभा राहिला होता आणि तुऱ्याच्या मधून निळी जीभ बाहेर आली होती.

सात वर्षं ज्या फुलाचं वर्णन त्यानं लोकांना ऐकवलं होतं ते असं समोर, धुण्याच्या दगडापाशी, बादलीच्या शेजारी.

"अगं," त्यानं हाक मारली. पुन्हा मारली, "अगं ए, बाहेर ये."

ती मशीन थांबवून आली. त्याच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि पदराला हात पुसत म्हणाली, "सापडलं वाटतं."

"हे कुठलं?"

"तुमचंच. चार वर्षं झाली. तुम्ही ऑपरेशन करून फुटवा भिंतीवरून इकडे फेकला होता. हिरवा होता, केरात टाकवेना. डबा रिकामा होता, खोचला त्यात."

"पाणी?"

"भांडी विसळलेलं जातं त्यात. आठवण झाली तर."

"खत काय घातलंस?"

"खत मला कुठलं मिळायला? सगळं तुमच्या नऊ जणांना लागतं."

"माती कधी हलवलीस?"

"हलवायला डब्यात माती कुठे उरलीय? सगळी मुळंच आहेत."

डॉक्टर डब्यापाशी उकिडवा बसला. मुळांवर बोट ठेवलं. एकमेकांत इतकी गुंतली होती की सुईला वाट नव्हती. माळ्याच्या डोक्यात जे चाललं असेल ते चाललं. मग त्यानं विचारलं, "कळी कधी आली?"

"बारा दिवस झाले."

"बारा दिवस! आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याचंही ऑपरेशन केलं असतंत."

डॉक्टरचा हात सवयीनं खिशातल्या सुरीकडे गेला होता. तो तिथेच थांबला. मग त्यानं फडक्यासकट सुरी काढली आणि बायकोच्या हातात दिली. तिनं ती मशीनच्या खणात टाकली, बटणांच्या डबीशेजारी.

सोमवारी सकाळी फाटकावर सगळे जमले. साहेब, तक्ता घेतलेला भांडारपाल, कुदळी घेतलेली दोन माणसं आणि कामं सोडून आलेले आम्ही. डॉक्टर ढकलगाडी घेऊन रस्त्यानं आला. गाडीत डबा. शेजारून डॉक्टरीणबाई चालत होती, फुलाचा दांडा धक्क्यानं मोडू नये म्हणून एका हातानं धरून. गाडी डाव्या वाफ्यापाशी थांबली.

साहेब पुढे झाले, वाकले, चष्मा सारखा केला. "वा! हे कोणतं झाड? किती सुंदर आहे. आपण हेच का नाही लावलं?"

कुदळवाल्यांनी कुदळी खाली टेकवल्या.

"हेच आहे, साहेब," डॉक्टर म्हणाला. "मागे नऊ उभी आहेत."

भांडारपालानं तक्ता छातीशी धरला. "हरकत आहे. अट वाफ्यातल्या फुलाची होती. हे डब्यातलं आहे. शिवाय डबा भांडारातून गेलेला दिसतो."

"डबा तुम्हीच फेकला होता," डॉक्टरीणबाई म्हणाली. "फुटका म्हणून."

"त्यांचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. या माणसानं आजवर भांडारपालाला सकाळ झाली हेसुद्धा कबूल केलं नव्हतं. "वाफ्यात फूल नाही. अट मी हरलो. पण उपटायच्या आधी एक ऐका. झाडांचा दोष नाही. या झाडाला गर्दी लागते. मुळांना जागा उरली नाही की मग ते फुलाकडे वळतं. मी सात वर्षं दर वेळी मुळं मोकळी करत होतो आणि खत घालून पानं पोसत होतो. त्यांना मी बसूच दिलं नाही. हिनं काही केलं नाही, म्हणून हिच्याकडे आलं."

गर्वानं ताठ चालणारा माणूस, चाळीस जणांसमोर हे बोलला. बोलताना मान खाली नव्हती, एवढंच.

"म्हणजे," व्हॉल्व्हमन हळूच म्हणाला, "डॉक्टर हाच रोग."

"हो," डॉक्टर म्हणाला. "निदान बरोबर आहे."

व्हॉल्व्हमन हसायला तोंड उघडून तसाच राहिला. त्याला पहिल्यांदाच आपण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं असावं.

साहेबांना पाहणीसाठी फूल हवं होतं आणि ते समोर होतं. एका वाफ्यात लाल, एका वाफ्यात नारिंगी, असा मधला रस्ता त्यांना आपोआप दिसला. ते म्हणाले, "डब्यातून काढून लावून टाका वाफ्यात."

"डब्यासकट पुरतो," डॉक्टर म्हणाला. "मुळाला हात लावणार नाही. आणि ही नऊ राहू द्या. मीसुद्धा त्यांना हात लावणार नाही."

डबा डाव्या वाफ्याच्या मधोमध, गळ्यापर्यंत मातीत गेला. भांडारपालानं तक्त्यात नोंद केली. डावा वाफा, फूल एक, शेरा: डब्यासह.

गुरुवारी पाहणी झाली. वरच्या अधिकाऱ्यांची गाडी काचा वर करून फाटकातून थेट आत गेली. खेकडा बघितला नाही, पाखरू बघितलं नाही. उतरल्यावर त्यांनी पहिला प्रश्न स्वच्छतागृह कुठे आहे असा विचारला आणि तेवीस मिनिटांत ते निघून गेले. अहवालात बागेबद्दल एक ओळ होती. 'आवारात झाडे आहेत.'

उरलेलं वर्ष डॉक्टरला फार जड गेलं. मुलं झोपली म्हणून दबक्या पावलांनी फिरावं तसा तो डाव्या वाफ्याभोवती फिरायचा. उकिडवा बसायचा, हात पुढे जायचा, मग तो दुसऱ्या हातानं मागे घ्यायचा. आम्ही त्याला चिडवणं सोडलं होतं असं नाही, पण त्या वाफ्यापाशी चिडवत नव्हतो. निवृत्तीच्या दिवसापर्यंत नऊपैकी एकाही झाडाला कळी आली नाही. निरोपाला साहेबांनी भाषण केलं आणि त्याला एक गुलाबाचं रोप भेट दिलं. डॉक्टरीणबाईला तेव्हा इतका खोकला आला की तिला बाहेर जावं लागलं.

त्याच्या जागी नवा माळी यायचा होता. ते पद रिक्त राहिलं. कागद वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. वाफ्यांकडे बघायला कुणीच नव्हतं आणि रिकाम्या पदाइतका चांगला माळी आमच्या केंद्राला कधी मिळाला नव्हता. उजवीकडचा खेकडा मात्र डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे जमिनीखालून पळाला. नालीत शिरून त्यानं ती तुंबवली. वाळू धुतलेलं पाणी भांडाराच्या दारात घोट्याएवढं साचलं आणि भांडारपाल आता रोज सकाळी मोजपट्टीनं तेच मोजतो. साहेबांची बदली झाली आहे. ते दुसऱ्या फाटकाकडे बघत असतील.

दुसऱ्या वर्षी डाव्या वाफ्यातल्या नऊपैकी पाच झाडांनी चोची काढल्या.

ही बातमी द्यायला व्हॉल्व्हमन स्वतः दोन गल्ल्या ओलांडून डॉक्टरच्या नव्या घरी गेला. संध्याकाळच्या उतरत्या उन्हात दोघं नवराबायको फाटकापाशी आली आणि रस्त्यावरच उभी राहिली. गजांच्या आत पाखरं बसली होती, पाच, आणि डब्यातलं सहावं. नारिंगी तुरे उन्हानं पेटल्यासारखे. एक सायकलवाला जाता जाता पाय टेकून थांबला, बघितलं आणि गेला. डॉक्टरनं त्याच्याकडे वळून पाहिलं, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत.

"अरे, आत ये की," व्हॉल्व्हमन फाटक उघडून म्हणाला. "पास मागणार नाही तुला. जवळून बघ."

डॉक्टरनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले होते.

"नको," तो म्हणाला. "इथूनच बरं दिसतंय. आत आलो की हात शिवशिवतात."